तोंडी परीक्षा रद्द नको, ती घेण्याची रीत बदला

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे,
नऊ विभागीय मंडळांचे मा. अध्यक्ष,
आणि बारावीच्या प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा घेणारे सर्व अंतर्गत आणि बहिस्थ परीक्षक

विषय : सामाजिक चिंताविकार असलेले विद्यार्थी आणि तोंडी परीक्षा

आदरणीय सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर विभागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. गुण देण्याचा अधिकार आम्हाला नसतो. परीक्षेच्या दिवशी सोल्युशन्स तयार ठेवायची, ब्युरेट गळत नाही ना ते बघायचं, मीटर ब्रिजची जोडणी तपासायची, बॅच आत सोडायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांचा चहा वेळेवर येईल हे पाहायचं, एवढं आमचं काम. त्यामुळे दाराबाहेर थांबलेली मुलं आपल्यापेक्षा आम्हाला जास्त वेळ दिसतात. त्यांतल्या काही मुलांसाठी हे पत्र लिहिते आहे.

"परीक्षेची भीती कुणाला वाटत नाही?" असं कुणीतरी लगेच विचारेल, म्हणून आधी तेच घेते. वाटते, सगळ्यांनाच वाटते. पण नेहमीची भीती अभ्यासाशी बांधलेली असते. सोनोमीटरचा प्रयोग नीट जमलेला नसेल तर तो चिठ्ठीत येऊ नये असं वाटतं, आणि नाही आला की जीव भांड्यात पडतो. पहिलं उत्तर बरोबर आलं की आवाज सुटतो. मी म्हणते त्या मुलांचा अभ्यास झालेला असतो, प्रयोगही येत असतो. त्यांना प्रश्नाची भीती नसते. प्रश्न विचारून आपल्याकडे बघत बसलेल्या माणसाची असते. आपण अडखळू, चेहरा लाल होईल, हात थरथरेल, ते समोरच्याला दिसेल आणि आपलं हसं होईल, ही ती भीती. ती दोन-चार दिवसांत जात नाही. निदान करताना साधारण सहा महिन्यांचा काळ धरतात. तिच्यापायी माणूस एकेक जागा, एकेक प्रसंग टाळायला लागतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० साली 'सोशल फोबिया' या नावानं आला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत 'सोशल अँक्झायटी डिसऑर्डर' हे त्याचं मुख्य नाव झालं. फक्त लोकांसमोर बोलताना किंवा काही करून दाखवतानाच ज्यांना त्रास होतो, एरवी होत नाही, अशांची वेगळी नोंद करायची सोयही त्या आवृत्तीत आहे. आपल्यासमोर गप्प होणारी काही मुलं या गटातली असतात. काहींचा त्रास मात्र घराबाहेर पाऊल टाकल्यापासून सुरू झालेला असतो.

वयाचं गणित आपल्या परीक्षांशी कसं जुळतं तेही पाहा. अमेरिकेत २००१ ते २००३ या काळात झालेल्या मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हा विकार सुरू होण्याचं मध्यक वय १३ निघालं, म्हणजे साधारण निम्म्या जणांना तो त्या वयापर्यंत सुरू झालेला होता. आयुष्यात कधी ना कधी तो झालेल्यांचं प्रमाण होतं सुमारे १२ टक्के. तेरावं वर्ष म्हणजे आठवी. दहावी-बारावीच्या तोंडीला मूल बसतं तोवर हा विकार त्याच्या अंगात चांगला मुरलेला असू शकतो. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, ते बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. मानसिक आजार असूनही उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण त्यात आजारागणिक ७० ते ९२ टक्के आढळलं. आणि या विकाराची गंमत अशी, की मदत मागायची तर अनोळखी माणसाशी बोलावं लागतं. नेमकं तेच तर जमत नसतं.

आता प्रत्यक्ष तोंडीत काय घडतं ते सांगते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये या विकाराची जी मांडणी केली, ती वाचताना मला आमची प्रयोगशाळाच डोळ्यांसमोर दिसत होती. प्रश्न कानावर पडतो तेव्हा मुलाचं लक्ष प्रश्नावर नसतंच. ते आत वळलेलं असतं: छाती किती धडधडते आहे, कान किती तापलेत, आवाज फाटेल का. या खुणांवरून ते आपलं एक चित्र मनात उभं करतं. जणू परीक्षकांच्या खुर्चीत बसून ते स्वतःलाच न्याहाळत असतं, आणि हे चित्र खऱ्यापेक्षा कितीतरी वाईट असतं. उपचारात काही वेळा अशा माणसाला त्याच्याच बोलण्याचा व्हिडिओ दाखवतात. आपण थरथर कापत होतो अशी त्याची खात्री असते. पडद्यावर दिसतो तो जरासा अवघडलेला, पण सरळ बोलणारा माणूस.

या चित्रापासून वाचण्यासाठी मूल काही युक्त्या करतं. वाक्य मनात घोळवून मगच बोलतं. नजर टेबलावर ठेवतं. हात मागे बांधतं. उत्तर एका शब्दात उरकतं. आणि परीक्षकांना यातून काय दिसतं? अभ्यास नाही, लक्ष नाही, किंवा "जरा शिष्टच दिसतेय ही." स्वतःला वाचवायला केलेल्या गोष्टीच अंगावर येतात. पुढचा प्रश्न चढ्या आवाजात येतो, मूल आणखी आत जातं.

टायट्रेशनच्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून सोडण्याच्या प्रयोगाच्या, टेबलाशी तर हे डोळ्यांनी बघता येतं. पोटॅशियम परमँगनेट घेऊन टायट्रेशन करताना शेवटी ब्युरेटचा नळ थेंबाथेंबानं सोडायचा असतो. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. परीक्षक मागे येऊन उभे राहिले की ज्याचा हात कापतो, त्याच्या कोनिकल फ्लास्कमध्ये जास्तीचे थेंब पडतात आणि रंग गडद होतो. परीक्षक पलीकडच्या टेबलाशी गेले की त्याच मुलाची, त्याच ब्युरेटवरची रीडिंग्ज एकमेकांशी जुळतात. मी हे पाहत आले आहे. त्या मुलाचं रसायनशास्त्र दोन्ही वेळा सारखंच असतं.

आणि हे सगळं परीक्षेबरोबर संपत नाही. इतर मुलं त्या संध्याकाळी क्रिकेट खेळत असतात. हे मूल रात्री अंथरुणात पडून तीन मिनिटांच्या तोंडीतला शब्द न् शब्द तपासत असतं. जे बोललो ते, जे बोलायला हवं होतं ते, आणि परीक्षकांनी शेजारच्या सरांकडे बघून जी मान हलवली तिचा अर्थ काय, हेही. पुढच्या वेळची भीती या उजळणीतूनच वाढते.

तोंडी परीक्षेवर आपल्याकडे चर्चा होते ती गुणांच्या खिरापतीची. दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण २०१९ च्या परीक्षेला काढून घेतले. त्याच वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० वर आला, ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षभरात वर्तमानपत्रांतून इतकं लिहून आलं, पण सगळा वाद गुण फुकटचे की हक्काचे एवढ्यावरच. ज्यांच्यासाठी ही तोंडी लेखीपेक्षा कितीतरी अवघड असते त्यांच्याबद्दल कुणी बोललेलं माझ्या वाचनात आलं नाही.

ओरडणारे परीक्षक कमीच असतात, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मला जास्त काळजी वाटते ती प्रेमळ सरांची. मूल बोलत नाही हे दिसलं की ते "जाऊ दे, जा बाळा" म्हणतात आणि गुण देऊन टाकतात. मूल सुटतं, सरांना पुण्य लागतं आणि प्रश्न मार्कशीटखाली गाडला जातो. दहावीत असंच, बारावीत असंच. मग डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला अनोळखी बहिस्थ परीक्षक समोर येतात, कॅम्पसमध्ये ग्रुप डिस्कशन येतं, आणि तोवर शिताफीनं टाळत आलेलं सगळं एकदम अंगावर कोसळतं. काही मुलं त्या टप्प्यावर शिक्षण सोडतात. घरी कारण सांगतात ते वेगळंच.

मला हे फक्त वाचून कळलेलं नाही. मीही त्यातलीच आहे. वर्गात हजेरी सुरू झाली की आपला नंबर जवळ येईतो घसा कोरडा पडायचा, आणि 'येस मॅडम' हे दोन शब्द मी मनात म्हणून ठेवायचे. रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणता यायचं नाही. दुसरं कुणी उतरेपर्यंत बसून राहायचे आणि तेवढं अंतर उलट चालत यायचे. हळदीकुंकवाला नाव घ्यायला सांगतील म्हणून डोकं दुखण्याचं निमित्त. बँकेत काउंटरवर कुणी बघत असताना सही करायची तर ती नमुन्याशी जुळायची नाही. डॉक्टरांकडे जाऊन निम्मा त्रास न सांगताच परत यायचे. फोन वाजला की तो बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे आणि मग मेसेज करायचे, "कामात होते." लोकांना हे सगळं वेगळंच दिसतं. नातेवाइकांत मी माणूसघाणी ठरले होते. प्रत्यक्षात मला माणसं हवी असतात. त्यांच्यासमोर असणं झेपत नाही.

माझ्या बारावीच्या तोंडीला परीक्षकांनी विचारलं होतं, "घरी तरी बोलतेस का?" बॅचमधली मुलं हसली. परीक्षकांना वाईट हेतूनं काही म्हणायचं नव्हतं, वातावरण हलकं करायचं असावं. मी मात्र पुढे मुलाखत असलेल्या नोकऱ्यांचे अर्ज भरायचंच सोडून दिलं. (केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट ब अराजपत्रित आणि गट क पदांच्या मुलाखती बंद केल्या. उद्देश गैरप्रकार रोखण्याचा होता, पण माझ्यासारख्या किती जणांनी त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकला असेल!) या विकारासोबत पुढे नैराश्य येण्याचा धोका असतो. चारचौघांत धीर यावा म्हणून घेतलेल्या घोटातून दारूची सवय लागणारेही असतात. म्हणजे मूल अबोल आहे, मोठं झालं की बोलेल, असं म्हणून सोडून देण्यातलं हे नाही.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना मोठ्यांसाठी पहिली पसंती विचार आणि वर्तन बदलण्याच्या थेरपीला, म्हणजे सीबीटीला, देतात. औषध घ्यायचंच तर एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालीन, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मुलांना मात्र या विकारासाठी औषधं सरसकट देऊ नयेत, असं त्या सांगतात. माझ्या उपचारात मला कामं दिली जायची. दुकानात जाऊन चार वस्तूंचे भाव विचारायचे आणि काहीही न घेता बाहेर यायचं. हॉटेलात मुद्दाम चमचा पाडायचा आणि लोक किती वेळ बघतात ते मोजायचं. बघतच नाहीत हो फारसं! पण हे कुणी सांगून पटत नाही, चमचा पाडावाच लागतो.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. या मुलांना तोंडी माफ करा, असं मी म्हणणार नाही. पालक कधी कधी तशी चिठ्ठी घेऊन येतात, त्यांची तळमळ मला समजते. पण भीतीची जागा टाळली की त्या क्षणी बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच मनाला शिकवतं की तिथे खरोखर धोका होता. पुढच्या वेळी भीती मोठी होऊन येते. मुलाला बोलायला लावलंच पाहिजे, मात्र त्याला चढता येईल अशी पायरी द्यायला हवी. एकदम स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर ढकलून 'धीट' करण्याचा उद्योग काही शाळांत चालतो, तोही नको.

पायरी म्हणजे फार काही लागत नाही. तोंडी एकट्यानं घ्या, पुढची चार मुलं कान देऊन उभी नकोत. मुलाला बसू द्या. पहिला प्रश्न त्याच्या हातातल्या उपकरणाबद्दल किंवा त्याच्याच जर्नलमधला विचारा. स्क्रू गेजचा लघुतम मापांक काढून दाखव, असं म्हटलं की त्याची नजर आणि आपली नजर दोन्ही उपकरणावर जाते, आणि तिथेच अर्धा ताण उतरतो. प्रश्न विचारल्यावर थांबा. शांततेचे दहा सेकंद परीक्षकांना फार लांब वाटतात, पण तेवढ्यात मूल प्रश्नापर्यंत पोचतं. तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकला तर दोन्ही गेले. चेहऱ्याबद्दल, घामाबद्दल, आवाजाबद्दल काही बोलू नका, कौतुकानंसुद्धा. "अगं, किती घाबरलीस!" हे वाक्य धीर देत नाही. भीती बाहेर दिसते आहे याची खात्री तेवढी पटवतं. शब्द फुटतच नसेल तर कागद द्या, मुद्दे लिहू द्या आणि मग तेच वाचून दाखवायला सांगा. वाचणं हेही बोलणंच आहे. तिथून पुढचा एखादा प्रश्न तोंडी विचारता येतो.

एका बॅचमागून दुसरी बॅच असते, संध्याकाळी गुण भरायचे असतात, हे मला माहीत आहे, मी तिथेच असते. असं मूल प्रत्येक बॅचमध्ये नसतं. असलं तर आपली दोन-तीन मिनिटं जातील.

खरं काम मात्र वर्षभरातलं आहे आणि ते आमच्या कॉलेजांचं आहे. जर्नल तपासताना प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारला, दर आठवड्याला, टेबलाशी, हळू आवाजात, तर फेब्रुवारीची तोंडी त्याला नवी राहत नाही. असं करणारे शिक्षक आहेत. त्यांच्या मुलांमधला फरक दाराशी उभं राहून ओळखता येतो.

मंडळाकडे मागणं थोडं वेगळं आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना आपण सवलती देता, आणि त्यांनी हजारो मुलांचं आयुष्य मार्गी लावलं. सामाजिक चिंताविकाराच्या मुलांना त्या चौकटीत जागा मिळत नाही, कारण बहुतेकांकडे ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नसतो आणि मिळण्यासारखाही नसतो. पण विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केलं की परीक्षेत वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्या खटल्यातला उमेदवार लिहिताना हात आखडण्याच्या विकारानं त्रस्त होता. आमच्या मुलांची जीभ आखडते. शिवाय जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सांगितलं आहे. गावाकडच्या कॉलेजांत हे कधी होईल ते होवो. तोवर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निदान प्रयोगशाळेच्या दारावर लावता येईल. तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन करणं हेच ज्यांना अवघड, त्यांच्यासोबत पहिल्या फोनला एखादे सर किंवा मॅडम बसल्या तर बरं होईल.

प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी परीक्षकांसाठी सूचना निघतात. त्यांत पुढील परिच्छेद घालावा, अशी माझी विनंती आहे. भाषा मला जमली तशी सरकारी ठेवली आहे, आपण ती दुरुस्त करून घ्यालच.

"सामाजिक चिंताविकार किंवा बोलताना होणाऱ्या तीव्र भीतीबाबत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा संस्थेतील समुपदेशक यांचे पत्र असलेल्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा स्वतंत्रपणे, इतर विद्यार्थी उपस्थित नसताना, बसवून घ्यावी. सुरुवातीचे प्रश्न अंतर्गत परीक्षकांनी विचारावेत. उत्तराचे मुद्दे लिहिण्यासाठी पाच मिनिटे द्यावीत व ते पाहून बोलण्यास मुभा असावी. त्यासाठी अपंगत्वाच्या टक्केवारीचा दाखला मागू नये. भाषा विषयातील संभाषणकौशल्य वगळता इतर विषयांत आवाज, बोलण्याचा ओघ किंवा नजर यांवर गुण कमी करू नयेत. विद्यार्थ्याचे नाव व कारण सूचनाफलकावर लावू नये आणि तोंडी परीक्षा न घेता गुण देऊ नयेत."

कळावे,
आपली नम्र,
एक प्रयोगशाळा सहायक